पहिला लेथ घेतांना

श्रोतेहो, लांकूड कांतण्याची कला आपणांस परकी नाहीं. घरांतील लाटणें, ताकाची रवी, मुलांचा भोवरा, जुन्या पलंगाचे खूर हीं सारीं कांताऱ्याच्याच हातचीं. जुन्या पद्धतीचा कांतारी जमिनीवर बसून कमानीच्या दोरीनें लांकूड पुढेंमागें फिरवी आणि तें आपल्याकडे फिरत असतांनाच हत्यार लावी. त्याचा अर्धा वेळ रिकामाच जाई. विजेच्या लेथाला हा खोळंबा नाहीं; म्हणूनच कित्येक गृहस्थ व गृहिणी छंदासाठीं लेथ घेऊं इच्छितात. तो घेतांना काय पहावें, एवढाच आजचा विषय.

पहिला प्रश्न किंमतीचा नव्हे. आपणांस काय कांतावयाचें आहे, हा होय. लेथाचीं मुख्य मापें दोन. दोन टोकांमधील अंतर हें पहिलें. त्यावर वस्तूची लांबी ठरते. लांकूड फिरविणारा कणा खालच्या पाटापासून जितका उंच, त्याची दुप्पट हें दुसरें. त्यावर वस्तूचा व्यास ठरतो. १६ इंच अंतराचा व १० इंच व्यासाचा लेथ लाटण्यास, भोवऱ्यास व लहान वाडग्यास पुरतो. परंतु ११ इंची पोळपाट त्यावर बसणार नाहीं.

दुसरी गोष्ट वजनाची. ओबडधोबड लांकूड फिरूं लागलें म्हणजे समतोल नसतें. पत्र्याच्या अथवा पोकळ नळ्यांच्या पाटाचा हलका लेथ त्याबरोबर थरथरतो, पटाशी उडते आणि लांकडावर लाटा उमटतात. नवशिक्यास वाटतें, आपल्या हातांतच कला नाहीं. आणि तो छंद सोडून देतो. वास्तविक दोष पुष्कळदां यंत्राचा असतो. म्हणून पाट बिडाचा व भारी असावा. दुकानांत सरकतें टोक पुढें आणून दोन्ही टोकांच्या अण्या एकमेकींस भिडवून पहाव्या. त्या जुळत नसतील, तर स्वस्ताईस भुलूं नये.

तिसरी गोष्ट वेगाची. व्यासाचे इंच आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार ६,००० ते ९,००० यांच्या दरम्यान असावा, असा एक ढोबळ ठोकताळा आहे. त्याप्रमाणें १० इंची वाडगा ६०० ते ९०० फेऱ्यांनीं फिरवावा. आरंभीं, तो ओबडधोबड असतांना, याहूनही सावकाश. म्हणून ५०० फेऱ्यांच्या खालीं उतरणारा लेथ निवडावा.

सर्व पैसा मात्र यंत्रांतच घालूं नये. चांगल्या पटाशा, त्यांस धार लावण्याचें चाक आणि सर्व चेहरा झांकणारी पारदर्शक ढाल यांसाठीं रक्कम राखून ठेवावी. बोथट पटाशीपुढें उत्तम लेथही लंगडा पडतो. लांबट लांकूड प्रथम गोल करण्याची रुंद पन्हळी पटाशी वाडग्यावर कधींही लावूं नये. मुठीपाशीं ती अरुंद असते व तेथें मोडून अपघात होतो. सैल बाह्या, सुटा पदर, मोकळे केस, अंगठी आणि बांगड्या यांस लेथाजवळ थारा नाहीं.

आरंभ लाटण्यापासून करावा. पहिलीं चारदोन बिघडलीं, तर नुकसान लांकडाच्या तुकड्याएवढेंच. परंतु पांचवें साधलें, म्हणजे त्यावर लाटलेल्या पोळीची गोडी कांहीं निराळीच असते. ती आपणां सर्वांस लाभो, इतकें इच्छून मी आपली रजा घेतों.