बाबा आहेत का इथं?

हेडफोन लावून बसमध्ये ऐकताय की भांडी घासता घासता, माहीत नाही. आजचा भाग जरा घरगुती आहे. माझ्या लेकीचा आहे. ती आता दीड वर्षाची आहे आणि हे रेकॉर्ड करताना बाजूच्या खोलीत डबे वाजवतेय. आवाज आला तर समजून घ्या.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलं. आमचंही तसंच. मी चाकणला कंपनीत, शिफ्टची नोकरी. सासुरवाडी मराठवाड्यात. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं आणि बायकोला तिकडं सोडून आलो. माझ्या डोक्यात हिशेब सोपा होता. बाळ झालं की फोन येईल, पेढे वाटू, बारशाला दोन दिवस जाऊ, आणि सव्वा महिना झाला की दोघींना घेऊन येऊ. बाप म्हणून माझं काम एवढंच, असं मला खरंच वाटायचं. कुणी वेगळं सांगितलंच नव्हतं.

फोन आला तो चौतिसाव्या आठवड्यात, रात्रपाळीत. मेव्हणा म्हणाला, ‘‘दाजी, ताईचं बीपी लई वाढलंय. डॉक्टर म्हणतेत आत्ताच सिझर करावं लागंल.’’ मी मिळेल त्या एसटीनं निघालो. पोहोचलो तोवर मुलगी झाली होती. वजन १७०० ग्रॅम. अडीच किलोच्या खाली कमी वजनाचं म्हणतात, ही तर त्याहून कितीतरी लहान. तिला एसएनसीयूमध्ये ठेवलं होतं. एसएनसीयू म्हणजे सरकारी दवाखान्यात आजारी आणि नाजूक नवजात बाळांसाठी असतो तो कक्ष. बायको दुसऱ्या वॉर्डात, बीपी अजून खाली येत नव्हतं, टाके ताजे. आणि मी दोन्हींच्या मधल्या व्हरांड्यात, हातात औषधांची चिठ्ठी. वॉचमन म्हणायचा, ‘‘बाप्या माणसांनी बाहेर थांबायचं.’’ बायकांचा वॉर्ड आहे, त्याचंही चूक नव्हतं. पण मी नक्की कुठं थांबायचं, हे कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही.

तिसऱ्या दिवशी एसएनसीयूच्या दारातून एका सिस्टरनी आवाज दिला, ‘‘बाबा आहेत का इथं?’’

मला वाटलं, बिल किंवा सही. मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, त्याही उठल्या. सिस्टर म्हणाल्या, ‘‘आजी, तुम्ही बसा. बाबा, हात धुवा, घड्याळ काढा, शर्टाची बटणं सोडा.’’

मामी माझ्याकडं बघायच्या, मी मामींकडं.

तर मंडळी, याला म्हणतात कांगारू मदर केअर. नाव मदर असलं तरी बापालाही करता येतं. ही पद्धत १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली. तिथं काचेच्या पेट्या कमी आणि बाळं जास्त होती, म्हणून डॉक्टरांनी बाळांना आईच्या अंगाशी बांधायला सुरुवात केली. बाळाला फक्त लंगोट, टोपी आणि मोजे. उभं धरून उघड्या छातीवर ठेवायचं, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला, म्हणजे श्वास मोकळा राहतो. वरून कापडानं बांधून घ्यायचं. आपल्या अंगाची ऊब बाळाला मिळते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसातून ८ ते २४ तास, जितकं जमेल तितकं करा. मुदतीआधी जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळाला जन्मानंतर शक्य तितक्या लवकर सुरू करा, हेही त्यांनी २०२२ मध्ये सांगितलं.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की छातीवर काहीतरी ठेवलंय, त्याला वजनच नाहीये, आणि ते श्वास घेतंय. मी हलायलाही घाबरत होतो. सिस्टर म्हणाल्या, ‘‘मोडत नाही ती. पाठ टेकून बसा, तास दीड तास उठायचं नाही.’’ बायकोला बसता येत नव्हतं, म्हणून पहिले चार दिवस ते काम माझं. मी तिचं दूधही न्यायचो. ती वॉर्डात वाटीत काढून द्यायची, मी झाकून वर न्यायचो, नळीतून पाजायचे. पुढं वाटी-चमच्यानं पाजायला सिस्टरनी मलाच शिकवलं.

मामींना पहिल्या दिवशी हे आवडलं नाही. ‘‘जावयाला असं उघडं बसवतेत का,’’ म्हणाल्या. चौथ्या दिवशी त्याच बाजूच्या बाईला सांगत होत्या, ‘‘तुमच्या पोराला पण बोलवा की, आमचे पाहुणे बघा कसे बसतेत.’’

आता रजेचं सांगतो. सुपरवायझरना फोन केला तर ते म्हणाले, ‘‘बाळंत बायको झालीय, तुला कशाला सुट्टी?’’ हसत म्हणाले, वाईट हेतू नव्हता. पण नियमही त्यांच्याच बाजूनं होता. आपल्याकडं २०१७ च्या दुरुस्तीनंतर आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा आहे, तीही दोन मुलांपर्यंतच. आणि खासगी कंपनीत बापाला? कायद्यानं काहीच नाही. कंपनीनं मनानं दिली तर दिली. माझ्या खात्यावर १८ दिवस रजा होती, ती संपवली, वर १७ दिवस बिनपगारी काढले. गाडीचा हप्ता थकला. हे मी कौतुकासाठी सांगत नाही. ज्याचं घर रोजच्या हजेरीवर चालतं, त्याला हे जमणारच नाही, आणि तो वाईट बाप ठरत नाही. स्वीडनमध्ये १९७४ पासून बापाला पालक-रजा घेता येते. म्हणजे हे अशक्य नाही, आपण अजून केलेलं नाही, एवढंच.

चौदा दिवसांनी बाळ घरी आलं. खोलीत शेगडी, ओव्याची धुरी, खिडक्या बंद. आशाताई आल्या आणि पहिलं म्हणाल्या, ‘‘धूर नको, छातीशी धरा तेवढीच ऊब पुरे.’’ दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात, हे तुम्हाला माहीत होतं? मला नव्हतं. नवजात बाळाची घरीच काळजी घ्यायची ही वाट महाराष्ट्रानंच दाखवली, गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामानं. आशाताई एकविसाव्या दिवशी आल्या तेव्हा बायको झोपली होती, मामी शेतात. त्यांनी मलाच बसवलं. ‘‘पूर्ण एक मिनिट पोटाकडं बघा, श्वास मोजा. ६० किंवा जास्त आले तर पुन्हा मोजा. पुन्हा तेवढेच आले तर थांबायचं नाही.’’ धोक्याच्या बाकी खुणाही सांगितल्या: दूध ओढत नाही, अंग ढिलं पडतं, हातपाय गार लागतात, छाती आत ओढली जाते, झटके येतात, ताप येतो, तळहात-तळपाय पिवळे दिसतात. यातलं एकही दिसलं तरी दवाखाना.

पंचविसाव्या रात्री मी जागा होतो. अडीच वाजता वाटी-चमच्यानं पाजायला घेतलं तर ती तोंडच उघडेना. पाय गार. मोजले तर ६८. पुन्हा मोजले, ७०. मामींना उठवलं. त्या म्हणाल्या, ‘‘नजर लागली असंल, मीठ-मोहऱ्या ओवाळते.’’ मी म्हणालो, ‘‘मामी, ओवाळा, पण मी १०८ ला फोन लावतोय.’’ त्यांनी ओवाळलं आणि गाडी यायच्या आत पिशवीही भरली. वाटेत ती माझ्या छातीला बांधलेलीच होती. जंतुसंसर्ग निघाला. सहा दिवस पुन्हा ॲडमिट. डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत थांबला असतात तर अवघड होतं.

मी कुणी हुशार नव्हतो. आशाताईंनी मला मोजायला शिकवलं होतं, एवढंच झालं. ‘आईला पाठवा, आईला सांगते’ म्हणून त्या परत गेल्या असत्या, तर त्या रात्री मी काय बघणार होतो?

म्हणूनच पुढची गोष्ट मला लागली. दीड महिन्याच्या लसीला मी साप्ताहिक सुट्टीला आलो आणि बाळाला घेऊन केंद्रावर गेलो, कार्ड हातात. सगळ्या बायका बघायला लागल्या. टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या, ‘‘आई कुठंय?’’ म्हटलं, घरी आहे, मी बाप आहे. ‘‘आईला घेऊन या, तिला समजावून सांगावं लागतं.’’ मी म्हणालो, मला सांगा, मी लिहून घेतो. शेवटी लस दिली आणि पुढची तारीख १० आठवड्यांची, हे सांगितलं. पण कुटुंब नियोजनाचं पत्रक ‘मिसेसना द्या’ म्हणून दिलं. तेही माझ्याशी बोलण्यासारखं नव्हतं का? २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात ३७.९ टक्के विवाहित बायकांची नसबंदी झालेली आहे, आणि पुरुषांच्या नसबंदीवर अवलंबून असलेली जोडपी ०.३ टक्के. पुरुषांची बिनटाक्याची शस्त्रक्रिया छोटी असते, त्याच दिवशी घरी जाता येतं, फक्त नंतर तीन महिने दुसरं साधन वापरून तपासणी करायची. आम्ही अजून काही ठरवलेलं नाही. पण ठरवायचं दोघांनी, एवढं नक्की ठरलंय.

शेवटचं एक, आणि हे बायकोला विचारून सांगतोय. मी कामावर परत गेलो तेव्हा ती फोनवर म्हणाली, ‘‘मला तिच्याजवळ जावंसंच वाटत नाही रे. नुसतं रडू येतं.’’ मी काय म्हणालो असेन? ‘‘होतं गं असं, आराम कर.’’ आठ दिवस मी तेच म्हणत राहिलो. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणं साहजिक असतं, पण दोन आठवड्यांच्या पुढं गेलं तर ते अंगावर काढायचं नसतं. शेवटी आम्ही दोघांनी मिळून टेलिमानसला फोन लावला. नंबर १४४१६, मोफत, मराठीत बोलतात. त्यांनी डॉक्टरांकडं जायला सांगितलं, गेलो, उपचार झाले. ती आता बरी आहे. ती म्हणते, गोळ्यांइतकाच उपयोग रात्रीच्या एका झोपेचा झाला. म्हणजे शनिवारी रात्री मी पोहोचलो की बाळ माझ्याकडं, आणि फक्त पाजायला तिच्याकडं.

माझे वडील परवा लेकीला कडेवर घेऊन बसले होते. म्हणाले, ‘‘तुला मी पहिल्यांदा घेतलं तेव्हा तू तीन महिन्यांचा होतास. आमच्या आईसमोर पोर उचलायची लाज वाटायची.’’ थोडं थांबून म्हणाले, ‘‘घ्यावंसं वाटायचं.’’

तर तुमच्यात कुणी बाप होणार असेल, भाऊ असेल, मित्र असेल, तर एवढं करा. तपासणीला एकदा तरी सोबत जा. माता-बाल संरक्षण कार्डाचा फोटो स्वतःच्या मोबाईलमध्ये ठेवा. आशाताईंचा नंबर सेव्ह करा. श्वास मोजायला शिका. आणि घरी ‘मी मदत करतो’ म्हणू नका. पोर आपलंच आहे, मदत कसली?

आणि ऐकणाऱ्यांत कुणी सिस्टर, आशाताई, डॉक्टर असतील, तर एक विनंती. व्हरांड्यात चिठ्ठी घेऊन उभा असलेला माणूस दिसला की एक हाक मारा. त्याला यायचं असतं हो, फक्त कुणी बोलावलेलं नसतं.

डबे वाजायचे थांबलेत, म्हणजे आत काहीतरी उद्योग चाललाय. मी पळतो. तुमच्या घरचा अनुभव असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकू. काळजी घ्या, आणि घ्यायला शिका. भेटूया.