पोटातले जिवाणू आणि आपलं बीपी
(प्रभागसंघाच्या सभेत झालेल्या आरोग्यविषयक भाषणाचा मजकूर)



आज बीपीबद्दल बोलायचं आहे, पण सुरुवात पोटापासून करूया. विरजण लावताना आपण दुधात थोडं दही घालतो. त्यातले जिवाणू रात्रभरात सगळ्या दुधाचं दही करतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण काम करतात. असेच असंख्य जिवाणू आपल्या आतड्यात राहतात, आणि त्यातले बरेचसे आपल्या उपयोगाचे असतात.

त्यांचं खाणं काय? तर आपल्याला न पचणारा चोथा. ज्वारी-बाजरीचा कोंडा, मटकी-हरभऱ्याची सालं, पालेभाजीचे कोवळे देठ. हा चोथा मोठ्या आतड्यात पोचला की जिवाणू तो आंबवतात. त्यातून काही आम्लं तयार होऊन रक्तात जातात. ती रक्तवाहिन्या सैल ठेवायला मदत करतात, असं संशोधनात दिसतंय. रक्तवाहिन्या आखडल्या की बीपी वाढतं, हे आपल्याला माहीतच आहे.

2017 साली चीनमधल्या संशोधकांनी बीपी असलेल्या माणसांच्या आतड्यातले जिवाणू उंदरांच्या पोटात सोडले. त्या उंदरांचं बीपी वाढलं. त्याच वर्षी जर्मनीतला एक प्रयोग छापून आला. 12 निरोगी पुरुषांना 14 दिवस रोज 6 ग्रॅम जादा मीठ दिलं. त्यांचं बीपी वाढलं, आणि पोटात असलेले दह्यातल्या जिवाणूंच्या जातीचे बहुतेक जिवाणू नाहीसे झाले. 12 माणसं म्हणजे आपल्या एका गटाएवढीच, तेवढ्यावरून सगळं ठरत नाही. पण मिठाने बीपी वाढतं हे तर आधीच पक्कं झालेलं आहे.

आता आपलं ताट बघा. घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं? आपणच. तोवर भाजी संपलेली, उसळीचा नुसता रस्सा उरलेला. मग भाकरीबरोबर काय? ठेचा, लोणचं, नाहीतर चटणी. म्हणजे चोथा कमी आणि मीठ जास्त. नेमकं उलटं! म्हणून पहिलं काम हे करा: जेवणं सुरू व्हायच्या आधी आपल्या वाटणीची भाजी आणि उसळ बाजूला काढून ठेवा. त्यात लाजायचं काही नाही.

दुसरं मिठाचं. माणशी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याच्या आत. लोणचं, पापड, फरसाण यातलं मीठही त्यातच धरायचं. पाच माणसांच्या घरात रोजच्या स्वयंपाकातच किलोची पुडी महिन्याच्या आत संपत असेल, तर मीठ जास्त होतंय. ताटात वरून मीठ वाढणं बंद करा. ताक जरूर प्या, पण त्यात मिठाऐवजी जिरेपूड, कोथिंबीर घाला. किडनीचा त्रास असेल तर खाण्यात बदल करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मोबाईलवर मेसेज फिरतात, "अमुक प्या, बीपीची गोळी सुटेल." ऐकू नका. ताक, उसळ, भाकरी हे गोळीच्या जोडीला आहे, गोळीच्या बदल्यात नाही. गोळी मनाने बंद केली तर बीपी पुन्हा चढतं आणि लकव्याचा, हार्टॲटॅकचा धोका वाढतो. गोळी कमी करायची की नाही, हे डॉक्टर ठरवतील.

बहुतेक वेळा बीपी वाढल्याचं कळतच नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, बाई शेतात कामाला जातच असते. म्हणून मोजणं हाच उपाय. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीची तपासणी उपकेंद्रात मोफत होते. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही वरचा आकडा 140 किंवा खालचा 90, किंवा त्याहून जास्त आला, तर उपचार हवेतच. प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्याही मोफत मिळतात.

आपण हप्ता चुकवत नाही, वहीत प्रत्येकीची बचत मांडतो. पुढच्या बैठकीला आशाताईंना बोलवा, सगळ्यांचं बीपी मोजून घ्या. ज्या ताईंचं जास्त निघेल, तिला एकटीला पाठवू नका. गटातली एक जण सोबत जा.