पन्नासपैकी अकरा



दहावीला विज्ञानात मी वर्गात पहिली होते. पण विद्यापीठात सेंद्रिय रसायनशास्त्राच्या पहिल्या चाचणीत मला 50 पैकी 11 गुण पडले, हे शाळेत आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. अभिक्रिया पाढ्यांसारख्या पाठ केल्या होत्या. घरी परतायचं म्हणून होस्टेलवर ट्रंकही भरली होती.

सरांनी पेपर पुढ्यात ठेवून विचारलं, "प्रोपीनवर हायड्रोजन ब्रोमाइडची क्रिया केली, तर ब्रोमीन मधल्याच कार्बनला का जोडला जातो?" उत्तर पाठ होतं, कारण माहीत नव्हतं. त्यांनी वक्र बाण काढला. दुहेरी बंधातले इलेक्ट्रॉन हायड्रोजनकडे जातात. धनभार मधल्या कार्बनवर येतो, कारण दोन्ही बाजूंच्या कार्बनांमुळे तो तिथे अधिक स्थिर राहतो. मग ऋणभारित ब्रोमाइड तिथेच जोडला जातो. इलेक्ट्रॉन जिथे जास्त, तिथून जिथे कमी तिकडे बाण! त्या रात्री वहीतल्या कितीतरी अभिक्रिया पाठ न करता उलगडल्या. ट्रंक रिकामी केली.

बाई, आठवीत बरोबर उत्तरालाही तुम्ही "का?" विचारायचात आणि आम्ही वैतागायचो. त्याचं मोल कळायला मला अकरा गुण पडावे लागले. आता मी शिकवते, तेव्हा तुमचाच प्रश्न विचारते. मुलं वैतागतात. मला बरं वाटतं.