अमृतराव घाटावर छोटा कॅमेरा

मिररलेस कॅमेरा घ्यावा का, हा प्रश्न मला हल्ली सारखा विचारला जातो. विचारणारे बहुतेक माझ्याच वयाचे. नोकरी संपलीय, गुडघे कुरकुरताहेत आणि फिरायची हौस मात्र नवी आहे. मी काही व्यावसायिक फोटोग्राफर नाही. पायदळातून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे आधी वजन बघतो. पिठ्ठू पाठीवर घेऊन डोंगर चढलेल्याला ग्रॅमची किंमत सांगावी लागत नाही.

माझा जुना संच म्हणजे निकॉन डी७००. नुसती बॉडी ९९५ ग्रॅम. त्यावर २४-७० लेन्स ९०० ग्रॅम आणि पिशवीत ७०-२००, ती दीड किलोच्या आसपास. कॅमेरा उत्तम, तक्रार काहीच नाही. फक्त तो हळूहळू कपाटातच राहायला लागला. आता गळ्यात ऑलिम्पसचा ई-एम१० असतो, सुमारे चारशे ग्रॅम. सोबत दोन लेन्स, १७ मिलिमीटर १२० ग्रॅम आणि ४५ मिलिमीटर ११६ ग्रॅम. सगळं मिळून जुन्या बॉडीपेक्षा हलकं.

हे कसं जमतं? जुन्या डीएसएलआरमध्ये लेन्सच्या मागे तिरका आरसा असतो. तो वर उचलला जायला जागा लागते, म्हणून निकॉनच्या जुन्या माउंटमध्ये लेन्स बसते ती जागा सेन्सरपासून ४६.५ मिलिमीटरवर. आरसा काढला आणि निकॉननंच २०१८ मध्ये नव्या झेड माउंटमध्ये ते अंतर १६ वर आणलं. पण खरी मेख पुढे आहे. आरसा गेला म्हणून लेन्स आपोआप छोटी होत नाही. सेन्सर मोठा आणि एफ २.८ ची झूम हवी असेल, तर नळकांडं तेवढंच राहणार. दुकानात बॉडी हातात घेऊन खूश होतात आणि घरी येताना किलोभराची लेन्स घेऊन येतात, असे मित्र मी पाहिले आहेत. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, १७.३ गुणिले १३ मिलिमीटर. म्हणून त्याच्या लेन्सही लहान. १७ ची लेन्स दाखवते ते फुल फ्रेमच्या ३४ सारखं आणि ४५ ची ९० सारखं.

गेल्या थंडीत हा संच घेऊन आठ दिवस काशीला होतो. रोज पहाटे एकाच ठिकाणी जायचो, अमृतराव घाटावर. तिथे कुणालाही विचारलंत तर राजा घाट सांगतील. हे अमृतराव म्हणजे रघुनाथरावांचे दत्तक पुत्र. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्यात त्यांना पुढे केलं, पण पुढच्याच वर्षी वेलस्लीशी तह होऊन सालीना सात लाखांच्या नेमणुकीवर ते उत्तरेत आले. कर्वीला राहिले आणि १८२४ मध्ये काशीतच वारले. पेशवाईतला एक हरलेला माणूस, पण घाट त्यानं भक्कम बांधून ठेवला. दशाश्वमेधची गर्दी इथे नाही. आपली मराठी माणसं मात्र अधूनमधून भेटतात.

गंगा इथे उत्तरेकडे वाहते आणि घाट पूर्वेला तोंड करून आहेत. म्हणजे सूर्य उगवला की ऊन सरळ पायऱ्यांवर. पायरीवरून नदीकडे पाहिलं तर उजेड डोळ्यांत. नावेत बसून घाटाकडे पाहिलं तर सगळा दगड सोनेरी. आणि धुकं असलं तर कॅमेरा फसतो, पांढरं धुकं राखाडी करून टाकतो. मिररलेसचा मोठा फायदा इथे कळला. व्ह्यूफाइंडरमध्ये फोटो काढायच्या आधीच उजेड दिसतो. एक स्टॉप वाढवला, धुकं पांढरं झालं, मग बटण दाबलं.

आता आवाजाबद्दल बोलतो. या कॅमेऱ्यांत मूक शटर असतं. हरिश्चंद्र आणि मणिकर्णिका या घाटांवर चिता जळत असतात. तिथे फोटो काढू नयेत, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी छोटा कॅमेरा छातीशी धरून आवाज बंद करून लोक काढतात. मोठ्या लेन्सचा माणूस निदान दिसतो तरी. मी मूक शटर बंदच ठेवतो. (आरतीच्या एलईडी दिव्यांखाली त्यानं फोटोवर पट्टेही येतात, पण ते कारण दुय्यम.)

चौथ्या दिवशी पायरीवर एक गृहस्थ बसले होते, चाळिशीचे, डोकं नुकतं भादरलेलं. शेजारी त्यांची आई. मराठी ऐकू आलं म्हणून जवळ गेलो. जवळ जावंच लागतं, १७ च्या लेन्सला चार-पाच फुटांवर उभं राहावं लागतं. विचारलं, "एक फोटो घेऊ का?" त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आत्ता नको, काका." मी कॅमेरा पिशवीत टाकला. तो चेहरा, ते मागचं धुकं, सात-आठ सेकंदांचं काम होतं. ७०-२०० असती तर वीस पावलांवरून काम झालं असतं आणि त्यांना कळलंही नसतं. मित्रांना हे सांगतो तेव्हा निम्मे म्हणतात, "मग घ्यायचा ना!" मला तसं वाटत नाही.

आम्ही चहा घेतला. ते संगमनेरकडचे निघाले, वडिलांच्या अस्थी घेऊन आलेले. निघताना आईच म्हणाली, "अहो, आमचा दोघांचा एक काढा ना. घरी दाखवायला होईल." काढला. ती सरळ, ताठ उभी राहिली, जुन्या लोकांसारखी. कलेच्या दृष्टीनं साधा फोटो आहे. प्रिंट करून कुरियरनं पाठवला, पोचल्याचा फोनही आला.

आता दोन कामाच्या गोष्टी. मिररलेस बॅटरी खातो. डीएसएलआर एका चार्जवर हजार फोटो देत असे, हा साडेतीनशेच्या आत आटोपतो. थंडीत आणखी लवकर. तीन बॅटऱ्या ठेवा आणि जादाच्या आतल्या खिशात, अंगाशी. आणि नावेत लेन्स बदलू नका. आरसा नाही म्हणजे सेन्सर उघडाच असतो. विचारा तुमचे प्रश्न.