गौरवाचा ठराव मागताना



आमदाराकडे निवेदन घेऊन जाणे आणि एखाद्या थोर व्यक्तीच्या गौरवाचा ठराव विधिमंडळात मांडण्याची विनंती करणे, हे लोकशाहीतील रास्त काम आहे. आमदाराला असा अशासकीय ठराव मांडता येतो. सरकारही तो आणू शकते. २४ मार्च २०२५ रोजी महाराष्ट्र विधानसभेने महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई फुले यांना भारतरत्न द्यावे, अशी केंद्राकडे शिफारस करणारा ठराव एकमताने संमत केला. सातारा जिल्ह्याला त्याचे अप्रूप वाटावे, हे स्वाभाविकच आहे. सावित्रीबाईंचा जन्म १८३१ मध्ये खंडाळा तालुक्यातील नायगावी झाला. जोतीरावांच्या घराण्याचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण.

परंतु अशा ठरावाची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. भारतरत्नासाठी शिफारस पंतप्रधान राष्ट्रपतींकडे करतात. राज्याचा ठराव त्यांच्यावर बंधनकारक नसतो. त्यासाठी अंदाजपत्रकात एका पैशाची तरतूद करावी लागत नाही आणि कोणाच्याही हितसंबंधांना धक्का बसत नाही. एकमत इतके सहज होते त्याचे एक कारण हेही आहे. जोतीरावांचा विचार ज्यांना पेलत नाही, त्यांनाही त्यांच्या तसबिरीला हार घालता येतो.

जोतीरावांना ‘महात्मा’ ही पदवी कोणत्याही सरकारने दिलेली नाही. ११ मे १८८८ रोजी मुंबईतील मांडवीच्या कोळीवाड्यात भरलेल्या सभेत जनतेने ती दिली. तिला वरून मंजुरी लागली नाही आणि आजवर ती कोणी काढूनही घेऊ शकलेले नाही.

मग खुद्द जोतीरावांनी सरकारकडे काय मागितले? १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी दाखवून दिले की, महसूल शेतकऱ्याच्या घामातून उभा राहतो, शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्ग उठवतात. प्राथमिक शिक्षण निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, ही त्यांची मागणी होती.

त्याच महाराष्ट्रात २०२३ मध्ये सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचे प्रस्ताव मागविले. कागदावर हा हिशेब सोपा दिसतो. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या डोंगरातील वाडीला मात्र तो महाग पडेल. वाडीतली शाळा उठली, तर पावसाळ्यात ओढा ओलांडून दूरच्या शाळेत जाण्याची वेळ पहिलीतल्या मुलावर येते. मुलीच्या बाबतीत तर घरचे लोक पुष्कळदा तिला घरीच ठेवण्याचा निर्णय घेतात. सावित्रीबाईंच्या जिल्ह्यात असे घडणे, हा त्यांचा गौरव नव्हे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी आमदाराकडे जाताना दोन कागद न्यावेत. एक गौरवाच्या ठरावाचा; दुसरा ग्रामसभेने संमत केलेला, वाडीची शाळा वाडीतच राहावी आणि तिला पुरेसे शिक्षक मिळावेत, या मागणीचा. पहिल्या कागदावर सही सहज मिळेल. दुसऱ्यावर काय उत्तर मिळते, यावरून पहिल्या सहीची किंमत ठरवावी.