गाडीचं वॅक्स आणि काळं प्लॅस्टिक

मागच्या महिन्यात गटांच्या बैठकीत एका ताईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "तुम्ही गाड्या धुता ना, मग त्या काळ्या प्लॅस्टिकवर पांढरं पांढरं का राहतं? आम्ही नुकतंच काम धरलंय आणि गिऱ्हाईक तेच बोट दाखवून पैसे कापतंय." चहा आला, बैठक सुरू झाली आणि बोलणं अर्धंच राहिलं. ते आज पुरं करते. त्या ताई ऐकत असतील, आणि तुमच्यातल्याही कुणी हे काम करत असतील किंवा करायच्या विचारात असतील.

आमच्या मांडव्याला हे काम आलं ते बोटीमुळे. पूर्वी गेटवेवरून लाँच यायची. माणसं यायची, पण त्यांच्या गाड्या मुंबईतच राहायच्या. २०२० च्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट सुरू झाली आणि साधारण तासाभरात माणूस गाडीसकट मांडव्याच्या धक्क्यावर उतरायला लागला. आता शनिवार-रविवारी सासवणे, आवास, किहीम, झिराड, जिकडे पाहाल तिकडे बंगल्यांपुढे गाड्या. काही गाड्या तर महिनोन्‌महिने बंगल्यातच उभ्या असतात. वर समुद्राचा खारा वारा, रस्त्याची तांबडी धूळ, झाडाचा चीक, पाखरांची शिट. मालकाला गाडी चकचकीत हवी असते आणि बंगला सांभाळणाऱ्या दादांना वेळ नसतो. तिथे आम्हा बायकांना काम मिळालं.

नुसत्या धुण्याचे पैसे फार मिळत नाहीत. धुऊन वर वॅक्स लावलं तर आमच्याकडे धुण्याच्या तिप्पट मिळतात. म्हणून सगळ्यांचा डोळा वॅक्सवर असतो. पण नुकसान होतं तेही वॅक्सनेच.

आमचं झालं ते सांगते, लाजायचं काय त्यात. पहिल्याच दिवाळीत एक मोठी पांढरी गाडी आली. चाकांच्या वर, दारांच्या खाली, पुढे-मागे सगळीकडे जाड काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या. हल्ली बऱ्याच गाड्यांना असतात. आम्ही दुकानातून घट्ट वॅक्सचा डबा आणला होता, दुकानदार म्हणाला होता सगळ्यात जास्त चमकतं. भर दुपारी, उन्हात, दोघीजणींनी हात भरून गाडीभर चोपडलं. प्लॅस्टिकलाही चोपडलं, म्हटलं ते तरी कोरडं का ठेवा. पुसल्यावर पत्रा आरशासारखा झाला. आणि काळ्या पट्ट्यांवर जागोजाग पांढरे फराटे, चुन्याची बोटं पुसल्यासारखे. धुतले, जाईनात. मग घाबरून रॉकेल लावलं. त्याने डाग पसरले आणि पट्टी तेलकट, डागाळलेली दिसायला लागली. मालक ओरडले नाहीत. पैसे देऊन गेले, पण पुन्हा बोलावणं आलं नाही. त्यांच्या शेजारचे दोन बंगलेही गेले. तीन घरं म्हणजे आमच्या गटाच्या महिन्याच्या हप्त्यातला मोठा वाटा होता.

असं का होतं, ते मला एका गॅरेजवाल्या दादांनी समजावलं आणि मी ते माझ्या भाषेत तुम्हाला सांगते. गाडीचा रंगवलेला पत्रा म्हणजे स्टीलचं ताट. त्यावर काहीही लावा, पुसलं की निघतं. ते काळं प्लॅस्टिक म्हणजे टाकी लावलेला पाटा. दिसायला सपाट, पण हात फिरवा, सगळी खडबड. पाट्यावर वाटलेली चटणी टाकीच्या खड्ड्यांत बसते ना, तसंच वॅक्स त्या खडबडीत बसतं. वॅक्स पातळ ठेवायला त्यात रॉकेलच्याच जातीचं एक द्रावण घातलेलं असतं. ते खड्ड्यांत शिरतं, मग उडून जातं आणि मागे उरतं कोरडं पांढरं मेण. त्यात घासणी असेल, म्हणजे बारीक माती किंवा दगडाची पिठी, तर ती तर पांढरीच. पांढऱ्या पत्र्यावर ते दिसत नाही, काळ्यावर लगेच दिसतं.

आता घ्यायचं कुठलं? कंपनीची नावं मी रेडिओवर घेणार नाही, आणि घेऊन उपयोगही नाही, कारण एकाच कंपनीचे तीन-चार प्रकार असतात. डबा हातात घ्या आणि वरचं इंग्रजी शाळेत जाणाऱ्या पोरीकडून वाचून घ्या. "कंपाउंड" किंवा "रबिंग" लिहिलेलं असेल तर ते वॅक्सच नाही, ओरखडे घासून काढायची पेस्ट आहे. ती काळ्या पट्टीच्या जवळसुद्धा नेऊ नका. "पॉलिश" असेल तरी बहुतेक वेळा घासणी असते. सगळ्यात फसवं म्हणजे "क्लीनर वॅक्स". नाव वॅक्सचं, पण आत मेण आणि घासणी दोन्ही. जुन्या निस्तेज गाडीला ते चांगलं काम करतं, म्हणून दुकानदार तेच पुढे करतो. आमचा तो डबा असलाच होता.

काळं प्लॅस्टिक जास्त असलेल्या गाडीला घासणी नसलेलं पातळ वॅक्स बरं. बाटलीतलं, फवाऱ्याचं. काहींवर वॅक्सऐवजी "सीलंट" लिहिलेलं असतं, ते कारखान्यात बनवलेलं असतं, झाडाचं मेण नव्हे. काही बाटल्यांवर प्लॅस्टिकला चालतं असं स्पष्ट लिहिलेलं असतं, तसं असेल तर आधी ती बघा. पातळ वॅक्स घट्ट वॅक्सइतकं खोल चमकत नाही, आणि फवाऱ्याचं लवकरही जातं. पण महिन्याभराने पुन्हा बोलावणं आलं तर आपल्याला वाईट काय?

घट्ट डब्यावर "कार्नोबा" असा शब्द दिसेल. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांवरचं ते मेण. पानं वाळवून झोडपतात आणि वरचं मेण पडतं. आपल्या मधमाशीच्या मेणापेक्षा ते पुष्कळ कडक. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, हे ८२ च्या पुढे. म्हणून उन्हात तापलेल्या बॉनेटवर ते टिकतं, आणि म्हणूनच प्लॅस्टिकच्या खड्ड्यात बसलं की साध्या धुण्याने निघत नाही. कार्नोबा वाईट नाही, उत्तम आहे, पण पत्र्यावर. काळ्यावर नाही.

दुकानात चिमटीत घेऊन चोळून बघा. दंतमंजनासारखं चुरचुरलं तर घेऊ नका. पण गुळगुळीत लागलं म्हणून निर्धास्तही होऊ नका, बारीक घासणी बोटाला कळत नाही. खरी परीक्षा घरी करायची. आम्ही गॅरेजमधून एक तुटका काळा बंपर मागून आणला, त्यांनी फुकट दिला, त्यांना तो अडगळच होता. नवी बाटली आली की पहिला थेंब त्या बंपरवर. लावायचा, पुरता वाळू द्यायचा, पुसायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात बघायचं. पांढरं दिसलं तर ती बाटली फक्त पत्र्याला. बाटलीवर काय लिहिलंय यापेक्षा माझा त्या तुटक्या बंपरवर जास्त विश्वास आहे.

लावताना गाडी सावलीत हवी आणि पत्रा थंड हवा. हात ठेवून चटका बसला तर थांबा. आधी धुऊन पुरती कोरडी करा, नाहीतर धुळीनेच ओरखडे उठतात. मग काळ्या पट्टीच्या कडेला कागदी चिकटपट्टी लावा, रंगारी वापरतात ती मास्किंग टेप. खोकी बंद करायची खाकी पट्टी लावू नका, उन्हात तिचा डिंक गाडीलाच राहतो आणि मग तो काढत बसा. टेप नसेल तर कडेपासून दोन बोटं जागा सोडा आणि शेवटी फडक्याच्या टोकाला जेमतेम वॅक्स घेऊन तेवढीच कड हलक्या हाताने ओढा. फडकं कडेला समांतर फिरवायचं, फटीच्या दिशेने ढकलायचं नाही. एवढं करून थेंब पडलाच तर वाळायच्या आत, लगेच, ओल्या फडक्याने. वाळल्यावर दहापट मेहनत.

आणखी एक युक्ती. काळ्या प्लॅस्टिकचं वेगळं औषध मिळतं, दुकानात त्याला ड्रेसर म्हणतात. पाण्यातलं मिळालं तर बघा. ते आधी पट्टीला लावून घेतलं तर खड्डे त्याने भरतात आणि वॅक्स उडालं तरी रुतत नाही. आमच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, त्यापेक्षा खोबरेल लावा. लावून पाहिलं. एक दिवस पट्टी काळीभोर, दुसऱ्या दिवशी मांडव्याची सगळी धूळ तिच्यावर.

आता डाग पडलाच असेल तर आधी तो कसला ते ओळखा, कारण पांढरं तीन तऱ्हेचं असतं. आपल्या किनाऱ्याच्या विहिरींचं पाणी बऱ्याच ठिकाणी मचूळ, जड. गाडी धुऊन तशीच उन्हात वाळली की थेंबांच्या आकाराचे गोल ठिपके राहतात, काचेवर आणि पत्र्यावरही. ते क्षारांचे. थोडं व्हिनेगर पाण्यात मिसळून पुसलं आणि साध्या पाण्याने धुतलं की निघतात. दुसरं म्हणजे उन्हाने पांढुरकं झालेलं प्लॅस्टिक. ते वरच्या, ऊन खाणाऱ्या बाजूला सगळीकडे सारखं असतं, ओलं केलं की काळं दिसतं, वाळलं की पुन्हा राखाडी. तो डाग नव्हे, ते प्लॅस्टिकचं म्हातारपण, धुऊन जाणार नाही. वॅक्सचा डाग फराट्यांचा असतो, पत्र्याला लागून, कडेकडेने, आणि नीट पाहिलं तर खडबडीच्या खड्ड्यांत पांढरं बसलेलं दिसतं.

हा वॅक्सचा असेल तर कोमट पाणी, भांड्याचा साबण आणि जुना दात घासायचा ब्रश. तारेची घासणी अजिबात नाही. ब्रश आधी उभा, मग आडवा, सावकाश. पुष्कळसं इथेच निघतं. उरलं तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, मेडिकलमध्ये मिळतं. अर्धं ते, अर्धं पाणी, फडक्यावर घेऊन, आधी आतल्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर लावून बघून मग डागावर. ते पटकन पेटतं, म्हणून चुलीपासून, उदबत्तीपासून, विडी ओढणाऱ्यांपासून लांब, आणि उघड्यावर. छोट्या डागाला मुलांचं खोडरबरही चालतं. परदेशात म्हणे शेंगदाण्याचं लोणी चोळतात, त्यातलं तेल मेण सैल करतं. तसं होतही असेल, पण शेंगदाणे मी चटणीलाच ठेवते. रॉकेल, पेट्रोल, थिनर यांतलं काहीही नको. आमची पट्टी त्यानेच गेली.

काम धरताना एक करा. हात लावायच्या आधी गाडीभोवती फिरून मोबाईलवर फोटो काढा, काळ्या पट्ट्यांचे जवळून. आधीचे डाग मालकांना किंवा बंगल्यातल्या दादांना तिथेच दाखवा. पांढुरकं झालेलं प्लॅस्टिक असेल तर आधीच सांगा की दादा, हे वॅक्सने जाणार नाही, याला वेगळं औषध लागेल, त्याचे वेगळे पैसे. आम्हाला वाटलं होतं असं सांगितलं तर काम जाईल. उलट ज्या बंगल्यात सांगितलं तिथे ते काम जादा मिळालं.

पुढच्या काचेला वॅक्स लावू नका, वायपर फिरला की धूसर होतं आणि रात्री समोरच्या गाडीचा उजेड फुटतो. आणि बिनचकाकीच्या रंगाची गाडी आली, मॅट म्हणतात ती, तर नुसती धुवा, वॅक्सला सरळ नाही म्हणा. तिच्यावर उठलेला चकाकीचा चट्टा परत जात नाही.

त्या पांढऱ्या गाडीचे मालक अजून रो-रोने येतात. धक्क्याच्या रस्त्यावर गाडी दिसली की माझी नजर आधी त्या पट्टीवर जाते. मागच्या चाकावरचा डाग अजून आहे.

बैठकीतल्या ताई, तुमच्याकडचा डबा पुढच्या महिन्यात घेऊन या. तुटक्या बंपरचा एक तुकडा मी पिशवीत घालून आणते, चहा येईपर्यंत वाळेल. नमस्कार.