शिकणे हेच शिफारशीचे माप



स्वागत समितीच्या वतीने गोदाकाठी आपणां सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. ऑनलाइन शिक्षणातील शिफारस प्रणालींच्या मूल्यमापनावरील परिषद नाशिकला भरते आहे, याचा आनंद विशेष आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले ते याच शहरात. नोकरी, शेती, संसार सांभाळून शिकणारी माणसे आम्ही जवळून पाहिली आहेत. त्यांना रात्री मिळणारा तासभर फार मोलाचा असतो. ‘स्वयं’सारख्या ऑनलाइन शिक्षणाच्या मंचावर शेकडो अभ्यासक्रम असताना ‘यानंतर हे शिका’ असे जी प्रणाली सुचवते, ती त्या तासाला उत्तरदायी असली पाहिजे.

या क्षेत्रातली मोजमापाची रीत बरीचशी चित्रपटांच्या शिफारशींतून आली. प्रेक्षक किती तारे देईल, या अंदाजातील चूक दहा टक्क्यांनी घटवणाऱ्यास नेटफ्लिक्सने २००६ साली दहा लाख डॉलरचे बक्षीस जाहीर केले. २००९ साली ते दिलेही. करमणुकीत आवड ही कसोटी चालते. शिकताना मात्र नावडता, अवघड धडाही ओलांडावा लागतो. अपूर्णांक कच्चे असलेल्या मुलीला बीजगणिताचा लोकप्रिय व्हिडिओ सुचवला आणि तिने तो पाहिला, तर नोंदीत शिफारस यशस्वी ठरते. मुलगी आहे तिथेच राहते.

जुन्या नोंदींतला काही भाग झाकून त्याचा अंदाज बांधायची चाचणी झटपट होते, ती हवीच. पण विद्यार्थ्याने काय उघडले, एवढेच ती सांगते. काय उघडल्याने त्याला अधिक समजले असते, हे कळायला पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, चिठ्ठ्या टाकून केलेले तुलनेचे गट आणि काही आठवड्यांनंतरची फेरपरीक्षा लागते. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने ३२,५९३ विद्यार्थ्यांची निनावी माहिती संशोधनासाठी खुली केली. तिच्यात क्लिकच्या नोंदींबरोबर परीक्षांचे निकालही आहेत, म्हणून ती मोलाची. मराठीतून शिकणाऱ्यांची अशी माहिती त्यांच्या संमतीने आणि ओळख जपून आपण उभी करावी, ही यजमानांची आग्रहाची विनंती आहे.

येथे मांडल्या जाणाऱ्या प्रत्येक निबंधाने अचूकतेच्या आकड्याशेजारी आणखी दोन उत्तरे द्यावीत: विद्यार्थी किती शिकला, आणि ज्यांच्या नोंदी थोड्या आहेत अशा नवख्या, ग्रामीण विद्यार्थ्यांनाही तेवढाच लाभ झाला का? सरासरीत ही माणसे हरवता कामा नयेत.

आपल्या चर्चा सडेतोड होवोत, ही सदिच्छा व्यक्त करून पुन्हा एकवार सर्वांचे स्वागत करतो.